आईंचा दगड

पाहणीला आलेल्या बाईंनी तिसऱ्यांदा जाळं उपसलं. नुसतं पाणी गळलं.

"चिकट्या नाही," त्या म्हणाल्या.

काठावरच्या सुनेनं वाकून स्वतःच जाळ्यात बघितलं. तो मासा सापडला तरच ओढा वाचणार होता, नाहीतर पुढच्या महिन्यात त्याची रवानगी सिमेंटच्या नळात. चिकट्या म्हणजे बोटाएवढा जीव, रंग दगडाचा, पण धारेला तोंड देऊन दिवसभर उभा राहील असा खमक्या. लग्न होऊन आल्यापासून तिला त्याचं भारी कौतुक.

पाहणीच्या बाई येणार म्हणून तिनंच गल्लीला कामाला जुंपलं होतं. आधी प्लास्टिक काढलं. मग उत्साहाच्या भरात कुजकी पानं, मुळ्या, झाडून सगळे दगडसुद्धा काढून काठावर रचले. ओढा कसा लख्ख झाला होता!

"अहो, तो दगडाखाली राहतो," बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या. "तुम्ही त्याचं घरच उचलून बाहेर ठेवलंत."

सुनेला रडू फुटायचं बाकी राहिलं.

पात्रात एकच दगड उरला होता, कारण त्यावर सासूबाई बसल्या होत्या. आज चौथा दिवस. पाण्यात पाय सोडून सकाळपासून अंधार पडेपर्यंत तिथंच, जेवणाचा डबाही तिथंच. गल्ली हसली, सून चिडली, पण म्हातारी ढिम्म हलली नव्हती.

आता मात्र बाईंना बघून त्या आपणहून बाजूला झाल्या. "उलटू नका हं," एवढंच म्हणाल्या.

बाईंनी दगडाच्या कपारीशी आरसा धरला आणि वाकून बघितलं. आत छताला अंड्यांचा पिवळा पुंजका होता. खाली चिकट्या नर, परांनी अंड्यांना वारा घालत. आरसा नाकाशी आला तरी तो तसूभर मागे सरला नाही.

"वाचला तुमचा ओढा!" बाई म्हणाल्या.

सून सासूबाईंचे पाण्यानं सुरकुतलेले पाय बघत राहिली. "आई, सांगायचं तरी होतं!"

"सांगितलं असतं तर सगळ्या गल्लीनं दगड उलटून बघितला असता." सासूबाईंनी पदराला हात पुसले. "पोरं टाकून तो उठेना. मग मी कशी उठणार?"