शनिवारची तंबाखू

धाकलूनं पुरचुंडी सोडून बंगल्याच्या पायरीवर ठेवली. एका चिलमीपुरती तंबाखू उरली होती.

“आत येऊ नको,” वासू बटलर दारातूनच म्हणाला. “साहेब जेवतोय. फुलाचा नवरा व्हय तू?”

“व्हय, अण्णा.”

“लई चांगली बाई. अकरा वरसं झाडलोट केली, पण चमचा कधी इकडचा तिकडं झाला न्हाई.” वासूनं धाकलूच्या हातातल्या मधाच्या बाटलीकडं बघितलं. “हे कुणाला?”

“साहेबाला. न्हाईतर तुमाला. साहेबाच्या डब्यातली मूठभर तंबाखू पायजे. ही असली.”

वासूनं चिमूट उचलून नाकाशी नेली. “ही साहेबाच्या डब्यातली?”

“व्हय. फुला आणायची.”

वासूनं चिमूट पुन्हा एकदा हुंगली. तेवढ्यात आत घंटी वाजली. “बघतो,” म्हणून तो गेला.

धाकलू पायरीखाली बसला. कुळगीचा हा जंगलसाहेबाचा बंगला त्याच्या खोपटापासून दोन कोसांवर. पण त्याच्यासारख्या लाकूडतोड्यांना आवारात मज्जाव होता. फुला रोज यायची. त्यानं मात्र आज पहिल्यांदा फाटक ओलांडलं होतं.

दर शनिवारी फुला पदराच्या गाठीत तंबाखू आणायची. “साहेबाच्या पायपातली,” म्हणायची. “टेबलावर सांडती, ती झाडून आणते.”

धाकलू तरणेपणी निपाणीला तंबाखूच्या वखारीत पान पारखायला होता. पहिल्याच झुरक्याला त्यानं ओळखलं. बरंचसं आपल्याच मुलखातलं पान, वर गुळाचं पाणी, आणि त्यात चिरुटाचं पान, काळं, जाड, तेलकट. साहेबालाही आपलं पान लागतं, याचा त्याला मोठा अभिमान वाटला होता.

मग तो निकाल द्यायचा.

“चिरूट जास्त झालाय. घशात टोचतंय. साहेबाचा हात बिघडला.”

फुला चुलीकडं तोंड करून ऐकायची. पुढच्या शनिवारी चिरूट नेमका कमी झालेला असायचा.

“बघ,” तो हसायचा, “साहेबाला माझं ऐकू गेलं.”

“मीच सांगून आले,” फुला म्हणायची.

एकदा गूळ ओला राहिला होता. त्यानं भरलेली चिलीम चुलीत उपडी केली. “ही वडण्यापरास शेणी जाळून वडीन,” म्हणाला. त्या रात्री ती जेवली नाही. पोटात दुखतंय म्हणाली.

खाण्यापिण्यात नव्हे, पण ओढण्यात धाकलू फार सोवळा. वखारीत मुकादमानं आपली अर्धी विडी पुढं केली, तर त्यानं ती फेकून दिली आणि कामही सोडलं. कुणाचं उष्टं ओठाला लावायचं नाही. फुलाला हे लग्नाआधीच कळलं होतं. त्या भांडणाची गोष्ट तो येईल त्याला सांगायचा.

श्रावणात फुला हिवतापानं गेली. लुगडी तिच्या बहिणीनं नेली. घरात तिचं म्हणावं असं राहिली ती शेवटच्या शनिवारची पुरचुंडी. त्यातली चिमूट चिमूट तो शनिवारी ओढायचा. मग घटकाभर खोपटाला वास यायचा, आणि फुला पाण्याला गेलीय, आता येईल, असं वाटायचं. वास गेला की पुन्हा काही नाही.

वासू हात पुसत बाहेर आला.

“अण्णा, लढाईपायी साहेबाची तंबाखू यायची थांबली न्हाई न्हवं?”

“साहेबाचं कशाला थांबतंय? मद्रासेहून पेट्या येत्यात.”

धाकलूचा जीव भांड्यात पडला. त्यानं पुरचुंडीतली सगळी तंबाखू चिलमीत भरली.

“सगळी?” वासू म्हणाला. “राख की वाईच.”

“न्हाई, अण्णा. वखारीची रीत हाय. नवी पारखायची तर आधी जुनी वडायची, ती बी चिलीमभर. तिची चव जिभंवर हाय तवर नवी लावायची. न्हाईतर माणूस फसतोय. तुमी दुसऱ्याच डब्यातली दिली म्हंजे?”

“आम्ही चोर व्हय रे?”

“साहेबाकडं डबं चार असत्यात, म्हणून म्हटलं.”

त्यानं निखारा ठेवला. पहिला झुरका तोंडात घोळवून नाकातून सोडला. आधी गूळ आला, मग पान, आणि अगदी शेवटी, घशापाशी, चिरूट. त्यानं चिलमीला ओलं फडकं गुंडाळून ती वासूपुढं केली.

“गोड हाय,” वासू खोकत म्हणाला. “मागनं चिरूट येतोय.”

“किती येतोय?”

“मला काय कळतंय त्यातलं?”

“पाचात एक. पयल्यांदा पाचात दोन असायचा. अकरा वरसं बोलून बोलून साहेबाला वळण लावलं मी.”

वासू हसला. “गमत्या हायस लेका.”

धाकलूनं फडकं काढून पुढचे झुरके सावकाश घेतले. टोचणं नव्हतं, ओल नव्हती. खोड काढावी असं काही सापडलं नाही.

“बरोबर जमलीय,” तो म्हणाला. अकरा वर्षांत हे शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदाच निघाले.

चिलीम विझली. त्यानं ती दगडावर ठोकली. राख वाऱ्यावर गेली. त्यानं फडकंही झटकलं.

“आणा आता तुमचा डबा.”

वासू आत जाऊन लाकडी पेटी घेऊन आला. झाकण उघडून त्यानं ती धाकलूपुढं धरली. आत बोटभर जाडीचे चिरूट ओळीनं निजवले होते.

“हे न्हवं, अण्णा. पायपातली.”

“पायप कुठला?” वासू म्हणाला. “साहेबानं जन्मात पायप वडला न्हाई. हेच चिरूट वडतो, निम्मे टाकतो. त्याची थोटकं फुला वेचायची. ह्याच पायरीवर बसून जळकी टोकं कापायची, पानं सोडवून उन्हात घालायची, बाजारची तंबाखू चिरून त्यात मिसळायची. मी म्हणायचो, कशाला गं एवढा खटाटोप? तर म्हणायची, घरात पारखी हाय, अण्णा. वाईच चुकलं की लगेच सांगतोय.”