टर्बोची धार

सोमेश्वरने हौसेने घेतलेल्या जुन्या टर्बो गाडीत एकच खोड होती. टर्बोचा दाब उलटा फिरून इंजिनच्या पोटात शिरायचा आणि ऑईल बाहेर ढकलायचा. तीर्थपुरीच्या मिस्त्रीने इंजिनची वाफ बाहेर सोडणाऱ्या ब्रीदर पाइपला एक बाटली जोडून दिली. "दाब अडवणारा नवा वॉल्व्ह येईस्तोर ऑईल हिच्यात जमंल," तो म्हणाला.

वडील राधाकिसन गाडी आल्यापासून तिच्याकडे पाठ करून बसायचे. आता म्हशीची धार काढून झाली, की ते रोज बॉनेट उघडायला लावू लागले. ते काळं ऑईल कडबाकुट्टीला लागलं, वाळवी लागलेल्या चौकटीला लागलं. "दिवसाला पावशेर देती," ते पाहुण्यांना सांगायचे.

महिन्याने वॉल्व्ह आला. मिस्त्रीने तो बरोबर बसवला आणि दुसऱ्या दिवशी बाटली कोरडी निघाली.

राधाकिसनांनी बाटली उलटी करून झटकली. "आटली," ते म्हणाले. "सोमा, भाकड जनावर मी दारात ठेवत न्हाई. येत्या बाजारात उभी कर."

"आबा, दुरुस्त झाली ती!"

"खाणं तर तेवढंच हाय न?"

तेव्हापासून सोमेश्वर वडील उठायच्या आत बाटलीत डब्यातलं नवंकोरं, पिवळंधमक ऑईल ओततो.

आज राधाकिसनांनी बाटली उजेडात धरली, बोट बुडवून पाहिलं आणि लेकाकडे रोखून बघितलं.

"सोम्या, पाणी घालू राह्यला का रे?"