कीबोर्डचा ताबा

“आता दाबू काय गो बाय?” यंत्रं सांभाळणाऱ्या गंगारामनं विचारलं. त्याचा डावा डोळा लालभडक झाला होता.

“थांबा काका, अजून नाही.” रसिकाची नजर स्क्रीनवरून हलली नाही.

मिरजोळ्याच्या त्या मासळी गोठवण्याच्या कारखान्यात सकाळी यंत्राच्या पाइपातून अमोनिया वायू गळला. ‘झडप बंद करू?’ असा प्रश्न स्क्रीनवर आला. गंगाराम ‘हो’ची कळ दाबत राहिला, स्क्रीन ढिम्म. शेवटी तो वायूत शिरून झडप हातानं बंद करून आला. प्रोग्राम रसिकानं लिहिलेला होता.

चूक तिला सापडली होती. प्रश्न विचारायला मुख्य प्रोग्राम दुसरा एक छोटा प्रोग्राम सुरू करायचा आणि कीबोर्डचा ताबा त्याला द्यायचा. पण दोघं एकदमच धावत. ताबा मिळण्याआधीच छोट्यानं कळ वाचायला घेतली, की संगणक त्याला जागच्या जागी थांबवून ठेवी. एरवी सगळं सुरळीत चाले. कधीतरीच अडके.

“छोट्याला एक सेकंद थांबव आणि मोकळी हो,” मुंबईहून तिचा साहेब रितेश फोनवर म्हणाला. “माल सडतोय तिथं.”

तिनं तसं केलं. पुन्हा पुन्हा चालवून पाहिलं, एकदाही अडकलं नाही. पण ही चूक मुळात कधीतरीच दिसायची. मग तिनं मुद्दाम मुख्य प्रोग्रामला रेंगाळायला लावलं. स्क्रीन पुन्हा ढिम्म.

“सर, गळतीच्या वेळी सगळे भोंगे एकदम वाजले की मशीन असंच रेंगाळतं. सेकंद पुरायचा नाही.”

तिनं तो सेकंद काढून टाकला. ‘ताबा दिला’ असा मुख्य प्रोग्रामचा निरोप येईपर्यंत छोट्यानं कीबोर्डकडे बघायचंच नाही, असं लिहिलं. पुन्हा रेंगाळवून पाहिलं. प्रश्न उशिरा आला, पण ‘हो’ची कळ चालली.

“झाला ना गो नक्की?”

तिला ‘हो’ म्हणवेना. आता यंत्रं सुरू करून चाचणी घ्यायची होती, आणि स्क्रीन अडकलीच तर झडप हातानं बंद करायला तिच्याजवळ माणूस लागतोच. गंगाराम उठला.

“तुम्ही इथंच बसा काका. कळ दाबा. आत मी जाते.”

तो काही बोलायच्या आत ती मास्क चढवून यंत्रघरात शिरली. पाइप थरथरत होते. जाड काचेपलीकडे गंगारामचं बोट खाली आलं. एक क्षण काहीच झालं नाही. मग झडप खाड्‌कन मिटली.

रसिकानं काचेकडे बघून हात वर केला : पुन्हा.