नवस फिटला

शकुनबाई दारात आल्या त्या नव्या चपला घालून. पायरीशी त्यांनी त्या जपून काढल्या आणि कौशल्याबाईंच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

"प्रसाद घ्या बाई. नवस फिटला."

"कायचा नवस?"

"तुमच्या नीलेशच्या लगनाचा. त्याचं जमेपर्यंत चप्पल घालीन नाई, असं देवीले बोलली होती. तुमाले सांगितलं नाई. सांगितलं का फळत नाई म्हणतेत."

कौशल्याबाई खुर्चीवर टेकल्या. या बाईचे मातीचे पाय फरशीवर उमटतात म्हणून त्यांनी तीन उन्हाळे कुरकुर केली होती. चपलेलाही पैसे नसतील, असं शेजारणीला हसत सांगितलं होतं.

नीलेशचं लग्न ठरलंच नव्हतं. पुण्यात नोकरी, वय छत्तीस, आणि मागच्याच आठवड्यात गोंदियाच्या स्थळाने नकार कळवला होता. पण महामार्गाच्या कामावरचे इंजिनिअर भंडाऱ्यात उतरले, खात रोडच्या गल्लीत एक खोली रिकामी उरली नाही, आणि दुप्पट भाडं देणारे दारात येऊन उभे राहू लागले. इतकी वर्षं मागच्या खोलीत राहणाऱ्या विधवेला सरळ निघा म्हणायला जीभ रेटेना. लग्नाच्या कारणाला कोणी आडवं येत नाही. "नीलेशचं जमलं, सुनेले खोली लागते," असं त्या बोलून गेल्या. ते ऐकून शकुनबाईंनी उलट त्यांच्याच तोंडात साखर घातली होती.

"खोली भेटली का कुठं?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"या भावात कुठची भेटते? लाखांदूरले भावाच्या घरी चालली. भाजीचा ठेला देऊन टाकला बाजूच्या बाईले. जाऊ द्या जी. तुमच्या घरात लक्ष्मी येऊन राहिली, तिच्यापुढं माझं काय?"

"शकुनबाई, ऐका..."

शकुनबाई थांबल्या. खरं काय ते सांगून टाकावं, असं कौशल्याबाईंना वाटलं. पण इंजिनिअरांनी दिलेल्या आगाऊ रकमेतून कालच स्वयंपाकघराच्या ओट्याला ग्रॅनाइट बसलं होतं.

"काही नाही. जपून जा."

बोचकं काखेत मारून शकुनबाई निघाल्या. सवय मोडलेली, चप्पल दोनदा पायातून निसटली. दोन्ही वेळा त्या स्वतःशीच हसल्या आणि गल्लीच्या वळणावर दिसेनाशा झाल्या.

प्रसाद कौशल्याबाईंच्या हातातच राहिला. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. नीलेशसाठी एका परक्या बाईने देवीकडे मागितलं होतं, आणि लग्न जमण्याआधीच तो नवस फेडून झाला होता. पुन्हा मागायचं तर कोणत्या तोंडाने?

दुसऱ्या दिवशी भर दुपारी इंजिनिअर सामान घेऊन आले. कौशल्याबाईंनी अनवाणीच अंगण ओलांडून फाटक उघडलं.

"काकू, चप्पल घाला ना. फरशी किती तापली आहे."

कौशल्याबाईंनी किल्ली पुढे केली.

"तापू द्या," त्या म्हणाल्या.