आधी नमस्कार

“हे पुसा, मिस आयसी,” वाचनालयातली केडीन म्हणाली. “यंत्राला नमस्कार लागत नाही.”

मिस आयसीने पडद्याकडे पाहिलं. शोधायच्या चौकटीत तिने एका बोटाने, अक्षर हुडकत हुडकत लिहिलं होतं: ‘गुड मॉर्निंग, या घराला, घरातल्या सगळ्यांना आणि मांजरालाही.’ भावाचं नाव अजून लिहायचंच होतं. केडीनने एक कळ दाबून धरली. आधी मांजर गेलं, मग माणसं, मग घर.

“नुसतं नाव लिहायचं. विल्यम ब्राऊन. बास.”

“दारात उभं राहून एकदम नाव पुकारायचं? माझ्या आईने कानाखाली वाजवली असती.”

“हे दार नाही हो. जुन्या वर्तमानपत्रांचा साठा आहे.”

“कपभर कोको घेणार का, तेपण विचार त्या यंत्राला, आयसी,” खिडकीपाशी पेपर वाचत बसलेला मास क्लीव्ह म्हणाला. “लांबून आलंय बिचारं.”

“तू तुझा पेपर वाच. कालचाच आहे, पण वाच.”

त्या बेटावर बस असो की दवाखाना, आत पाऊल टाकणाऱ्याने आधी गुड मॉर्निंग म्हणायचं आणि आतल्यांनी उत्तर द्यायचं. भांडण चालू असलं तरी मध्येच थांबून द्यायचं. उत्तर आलं की मग कामाचं बोलायचं. मिस आयसीच्या आईने त्यात स्वतःची भर घातली होती. घरात कुणी नसलं तरी मांजर असतंच, असं तिचं म्हणणं. डोंगरावरच्या तिच्या घरातली दोन्ही मुलं, आयसी आणि विल्यम, मांजरासकट नमस्कार करायला शिकली.

त्यातला विल्यम मिसरूड फुटल्यावर बोटीने इंग्लंडला गेला. पत्रं यायची. मग गिल्बर्ट वादळ आलं, डोंगरावरचं घर छपरासकट गेलं, त्यात त्याचा पत्ताही गेला आणि मायलेकी बेटाच्या दुसऱ्या टोकाला, या गावात आल्या. पत्रं थांबली. आई मरेपर्यंत त्याच्याबद्दल एकच वाक्य बोलायची, “तिकडे गेला आणि नमस्कार विसरला.” याहून वाईट ती कुणाबद्दलच बोलली नव्हती. मिस आयसीला ते फार लागलं होतं. भाऊ आहे की गेला, हे तर तिला हवंच होतं. पण त्याहीआधी, तो खरंच विसरला का, एवढं तिला कळायला हवं होतं.

म्हणून वाचनालयात हा साठा आल्यावर, आणि बेटावरून तिकडे गेलेल्या लोकांसाठी लंडनमध्ये निघणारा पेपरही त्यात आहे हे केडीनने सांगितल्यावर, ती दर मंगळवारी सकाळी टोपी घालून यायला लागली. केडीन चांगली शिकवायची. साल कसं निवडायचं, पेपर कसा निवडायचा. शब्द एकत्र राहायला हवे असतील तर दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं द्यायची, नाहीतर यंत्र त्यांची फाटाफूट करतं. मिस आयसी सगळं शिकली. फक्त नमस्कार काही तिला सोडवेना. दर मंगळवारी ती लिहायची आणि दर मंगळवारी केडीन हसत हसत पुसायची.

विल्यम ब्राऊन मात्र ढिगाने निघाले. एक क्रिकेट खेळत होता, एक सायकल चोरताना सापडला होता, एक चक्क पाद्री झाला होता. तिचा त्यात नव्हता.

त्या मंगळवारी शाळेची पोरं आली होती आणि केडीन त्यांच्यात अडकली होती. मिस आयसी एकटीच यंत्रासमोर बसली. तिने नमस्कार लिहिला. पूर्ण, मांजरासकट. पुसायला कुणी नव्हतं. घरातल्या माणसांची फाटाफूट नको, म्हणून तिने दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं दिली. आणि नमस्कार केल्यावर उत्तराची वाट बघायची असते, म्हणून नाव लिहायच्या आधीच तिने कळ दाबली.

उत्तर आलं.

पडद्यावर एकाखाली एक ओळी उमटल्या. सगळ्या त्या लंडनच्या पेपरातल्या, सगळ्या नाताळच्या अंकातल्या. शुभेच्छांचं पान, त्यावर बोटभर चौकट. तळाची चौकट वादळानंतरच्या नाताळची होती: ‘गुड मॉर्निंग, या घराला, घरातल्या सगळ्यांना आणि मांजरालाही. पत्रं परत येतात. कुठे आहात?’ पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षी तेच. कुठेच नाव नव्हतं. गरज काय होती? असा नमस्कार करणारं घर साऱ्या बेटावर एकच होतं.

सगळ्यात वरची चौकट गेल्या नाताळची होती. त्यात एक वाक्य वाढलं होतं: ‘गुडघे गेले, पण मी आहे.’

केडीन येऊन मागे उभी राहिली. तिने वाचलं. इतके मंगळवार आपण काय पुसत होतो ते तिला कळलं आणि तिने मिस आयसीच्या खांद्यावर हात ठेवला.

“लंडनला फोन करू या का? पेपरवाल्यांकडे पत्ता असेल.”

“करू. पण थांब,” मिस आयसी म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. “आधीचं राहिलंय.”

कुणी नमस्कार केला आणि आपण उत्तर दिलं नाही, असं तिच्या हातून आजवर घडलं नव्हतं. ती टेबलाला धरून उठली. टोपी सारखी केली. पडद्याकडे बघून, दारातल्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “गुड मॉर्निंग, विल्यम.”

आणि पोरांनी, मास क्लीव्हने, अख्ख्या वाचनालयाने, मान वर न करता, सवयीने उत्तर दिलं, “गुड मॉर्निंग.”