बोलणं चालू आहे तोवर

“बोलत राहा काका, थांबायचं नाही,” सिस्टर म्हणाली. परांचीवरून पडलेला रंगारी तोंडातल्या रक्तातून अडखळत बोलत होता. माणूस नीट बोलतोय तोवर श्वासाची वाट मोकळी आहे, असा अपघात विभागातला साधा हिशेब. बोलणं थांबलं की घशात नळी.

“घरी कोण कोण असतं?”

“कोण असणार? मी आणि एक पाल. तीच काय ती बोलते.”

भूल देणारा डॉक्टर हातमोजे चढवत उशाशी आला आणि तो आवाज ऐकून खाली वाकून पाहू लागला. चेहरा सुजून ओळखू येत नव्हता, पण आवाज थोरल्या भावाचा होता. आईला शेवटच्या आजारात नळी डॉक्टरनेच घातली होती. पुढे ती कितीतरी दिवस डोळ्यांनी काही सांगत राहिली आणि न बोलताच गेली. “तिचं बोलणं तू काढून घेतलंस,” भाऊ म्हणाला होता, आणि त्याने बोलणंच टाकलं. तेव्हापासून डॉक्टर एकटाच रेडिओ लावून जेवायचा. घरात कुणाचा तरी आवाज हवा म्हणून.

भावाची मान पट्ट्यात जखडलेली होती. उशाशी कोण उभं आहे ते त्याला दिसत नव्हतं. डॉक्टरने त्याचं डोकं दोन्ही हातांत स्थिर धरलं. पेशंटला तो एरवी काका म्हणायचा. आज तोंडून निघून गेलं, “दादा, फार दुखतंय का?”

बोलणं थांबलं.

सिस्टरने हाका मारल्या. “नळीची तयारी करते, डॉक्टर,” असं म्हणत तिने सिरिंजमध्ये औषध भरायला घेतलं.

हा अबोला डॉक्टरच्या चांगला ओळखीचा होता. पण डोक्याला मार लागलेला माणूसही असाच गप्प होतो. राग समजून थांबावं, तर भाऊ हातचा जाईल. नळी घालावी, तर त्याचंही बोलणं जाईल, कदाचित कायमचं. डॉक्टर घाबरला. या टेबलाशी इतका तो कधीच घाबरला नव्हता.

“दादा, काहीतरी बोल,” तो म्हणाला. “नाहीतर मला नळी घालावी लागेल. सांग ना, घरचं कोण आहे तुला?”

रंगाऱ्याने घोट गिळला. नजर छताकडेच होती.

“धाकटा भाऊ आहे,” तो हळू, पण स्पष्ट म्हणाला. “डॉक्टर आहे. आई गेल्यापासून बोलत नाही माझ्याशी.”

सिस्टरने सिरिंज खाली ठेवली. तिला हायसं वाटलं. “बोलतायत की छान. विचारा, डॉक्टर, पुढचं विचारा.”

डॉक्टरचे हात भावाच्या कानांवर तसेच होते.

“विचारा ना,” सिस्टर म्हणाली. “आता तुम्ही का गप्प?”