देशाचा आकडा

पडद्यावर पाच देशांचे खांब उभे होते. चीनचा छताला टेकलेला, भारताचा जेमतेम टेबलाएवढा.

"पेटंटवरून देशाची अक्कल कळते," संचालक उदयसिंह माइकवर म्हणाले. "तीन वर्षांत आपल्या कॉलेजनं चाळीस अर्ज टाकले. हा खांब आपण वाढवतोय." टाळ्या झाल्या. चाळिसातल्या बहुतेक वस्तू कुणी बनवल्याच नव्हत्या; पण टाळ्यांना त्याचं काय!

एक वस्तू मात्र खरी होती. जनावरांचा चारा कापणाऱ्या कडबाकुट्टीत हात गेला तर पातं जागच्या जागी थांबवणारं यंत्र. ते प्राध्यापक अंकितानं बनवलं होतं. तिच्या आईचा, बनुबाईचा, उजवा पंजा कुट्टीतच गेला होता. यंत्राचा एकुलता नमुना कॉलेजच्या काचेच्या कपाटात होता, पाहुण्यांना दाखवायला. आणि बनुबाई पहिल्या रांगेत, सत्काराला.

अंकितानं उदयसिंहांना मंचाच्या कडेला गाठलं. "सर, पेटंट ऑफिसच्या तपासणीच्या अर्जावर तेवढी सही करा. आज शेवटचा दिवस आहे. नाहीतर पेटंटचा अर्जच बाद होईल. मग यंत्र बनवायला तयार झालेली शिरवळची कंपनी मागे हटेल."

"होऊ दे की बाद." ते लोकांकडे बघून हसतच होते. "आपला अर्ज मोजून झालाय. तपासणीत नापास झालं तर उलट नाचक्की. आणि मॅडम, अर्ज कॉलेजच्या नावावर हाय. तुमी त्यात पडू नका."

तिनं कागद पुढे धरला. त्यांनी तो घडी घालून खिशात टाकला आणि बनुबाईचं नाव पुकारलं.

बनुबाईच्या खांद्यावर शाल पडली. नारळ एका हातात सावरेना, तेव्हा तिनं तो थोट्या मनगटानं छातीशी दाबून धरला. फोटोवाल्यानं ती बाजू टाळली.

"बोला मावशी, कसं वाटतंय?" उदयसिंहांनी माइक पुढे केला.

"लय ग्वाड वाटतंय सायेब. पोरीला पेटंट मिळालं म्हणून सांगावा आला, तवाच सुनंला म्हणलं, क्रांते, कुट्टीत हात जाऊ नये म्हणून मालकांनी ठोकल्यालं पत्र्याचं झाकण काढून टाक. कडबा अडकतोय त्यात. आता आपल्या अंकीचं यंत्र येतंय. आज सकाळीच काढलं तिनं."

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. उदयसिंहांनी सगळ्यांत जोरात वाजवल्या.

अंकितानं मंचावरूनच वहिनीला फोन लावला. संध्याकाळ झाली होती. म्हशींची धार काढण्याआधी कुट्टी करायची वेळ. घंटी वाजत राहिली. कुट्टी चालू असली की त्यांच्या घरात फोन ऐकू येत नाही.